कॅनकूनला पहिल्यांदाच जातोय, अगदी पाण्यावरचं हॉटेल हवंय: कसं निवडावं?

मोरपीस

नमस्कार मंडळी,

आम्ही ह्यूस्टनला राहतो. जूनच्या शेवटी साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) नाशिकहून येतायत. त्यांना घेऊन चार-पाच रात्री मेक्सिकोतल्या कॅनकूनला जावं असं चाललंय. विमानाने दोन-अडीच तासांचा प्रवास, त्यामुळे त्यांनाही झेपेल. घरात कुणीच कॅरिबियन समुद्र पाहिलेला नाही.

हॉटेल अगदी पाण्यावर हवं, एवढं एकच पक्कं आहे. साबांचे गुडघे दुखतात, तेव्हा खोलीतून वाळूपर्यंत पोचणं सोपं हवं. लेक पाच वर्षांची आहे, एकदा पाण्यात शिरली की बाहेर यायचं नाव काढत नाही. साबु पहाटे उठून तासभर चालतात. साबा पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही.

रोज रात्री हॉटेलं बघतेय आणि आता सगळे फोटो एकसारखे दिसायला लागलेत: निळं पाणी, पांढरी वाळू, दोन खुर्च्या. कुठे कॅनकून लिहिलंय, कुठे रिव्हिएरा माया, कुठे कोस्ता मुहेरेस. यांत फरक काय? ऑल इन्क्लुझिव्ह (खाणं-पिणं धरून एकच भाडं) घ्यावं का? कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा.

पायवाट

मस्त बेत! आम्ही प्लाया देल कार्मेन गावाच्या अलीकडे एका मोठ्या रिसॉर्टमध्ये राहिलो होतो. लहान मुलांसाठी वेगळा उथळ पूल, घसरगुंड्या, संध्याकाळी कार्यक्रम. मुलं समुद्राकडे फिरकलीसुद्धा नाहीत. ऑल इन्क्लुझिव्ह डोळे झाकून घ्या. दिवसातून दहा वेळा 'आई, भूक' होतं तेव्हा त्याची किंमत कळते.

दर्यावर्दी

मोरपीस, हॉटेलांची यादी जरा बाजूला ठेवा. आधी किनारा ठरवा, मग त्या किनाऱ्यावरचं हॉटेल. 'बीचफ्रंट' या शब्दावरून एवढंच कळतं की इमारत समुद्राकाठी आहे. समोरचं पाणी शांत की खवळलेलं, तळाशी वाळू की खडक, तुमच्या महिन्यात तिथे काय वाहून येतं, यातलं काहीच कळत नाही. ते किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे यावर ठरतं.

कॅनकूनचा हॉटेल झोन नकाशात उघडा. इंग्रजी सातच्या आकड्यासारखी वाळूची चिंचोळी पट्टी दिसेल, साधारण २२ किलोमीटर लांब. एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला निचुप्ते हे खारं सरोवर. मधून एकच मोठा रस्ता जातो, बुलेव्हार कुकुल्कान, आणि पत्ते त्याच्या किलोमीटरवरून सांगतात. हे आकडे लक्षात ठेवा, हॉटेलच्या नावापेक्षा जास्त उपयोगी आहेत.

सातचा वरचा आडवा दांडा म्हणजे किमी ९ पर्यंतचा भाग. इथले किनारे उत्तरेकडे तोंड करून आहेत आणि समोर इस्ला मुहेरेस बेटाचा आडोसा आहे. पाणी शांत आणि उथळ. प्लाया लांगोस्ता, प्लाया तोर्तुगास, प्लाया काराकोल ही सगळी या भागातल्या किनाऱ्यांची नावं. किमी ९ ला पुंता कॅनकूनचं टोक ओलांडलं की उभा दांडा सुरू होतो. तोंड पूर्वेला, समोर उघडा समुद्र. फिरोजी रंग सर्वांत देखणा इथेच. किमी १८ च्या आसपास प्लाया देल्फिनेसला उभं राहून पाणी पाहिलं की तो विश्वास ठेवण्यापलीकडचा वाटतो. पण लाटा मोठ्या आणि पाण्याला ओढ जबरदस्त. पोहणारी माणसंही इथे आत खेचली जातात.

प्रत्येक किनाऱ्यावर बावटा असतो. हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, काळा म्हणजे पाण्यात जायचंच नाही. पूर्वेच्या बाजूला पिवळा-लाल नेहमीचेच. पाच वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारी आजी बरोबर असताना मी ऐंशी टक्के वेळ हिरवा बावटा असेल असाच किनारा शोधेन, खोलीचं फर्निचर कसंही असो.

मालवणकन्या

दर्यावर्दी यांना अनुमोदन. कोकण बघितलेल्यांसाठी भर घालते. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, सूर्य पाण्यात बुडतो. तिथे मुख्य किनारा पूर्वेला, म्हणजे सूर्य पाण्यातून वर येतो. जूनअखेरीला सहाच्या सुमारास उजाडतं. तुमच्या साबुंना पहाटेचा फेरफटका फार आवडेल. सूर्यास्त हवा असेल तर सरोवराच्या बाजूला जाऊन बसायचं.

दुसरं म्हणजे तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. मुंबई-रत्नागिरीला पाणी कित्येक मीटर वर-खाली होतं, ओहोटीला पुळण लांबच लांब उघडी पडते. कॅरिबियनमध्ये हा फरक वीतभराचाच. त्यामुळे पहिल्या दिवशी किनारा चिंचोळा दिसला तर 'ओहोटीला मोठा होईल' म्हणून थांबण्यात अर्थ नाही, तो तेवढाच राहणार. आणि लहान मुलाला जिथे गुडघाभर पाण्यात बसवलं तिथे तासाभरानेही गुडघाभरच पाणी असतं, ही मोठीच सोय.

वाळू प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची, चुनखडीची. पांढरी असल्याने भर दुपारीही फारशी तापत नाही. आजी-आजोबांना अनवाणी चालता येईल.

निळाई

मी नोकरीनिमित्त मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात असते, कॅरिबियन किनाऱ्याला सुट्टीत जाणं होतं. अजून कुणी सरगॅसमचा विषय काढला नाही. मोरपीस, तुमच्या महिन्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सरगॅसम म्हणजे तपकिरी रंगाचं तरंगणारं समुद्री शेवाळ. त्याला बारीक हवेचे फुगे असतात, त्यांवर ते तरंगतं, आणि मुळं नसल्याने वारा-प्रवाह नेतील तिकडे जातं. २०११ पासून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत अटलांटिकमध्ये त्याचा प्रचंड पट्टा तयार व्हायला लागला. २०१५ आणि २०१८ साली मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर त्याचे ढीग लागले आणि त्यानंतरही बहुतेक वर्षी येतंच आहे. साधारण एप्रिल ते ऑगस्ट जोर, म्हणजे तुमचा जून अगदी मधोमध. किनाऱ्याला लागून सडायला लागलं की सडक्या अंड्यांचा वास येतो, हायड्रोजन सल्फाइडचा. कुणाला दमा असेल तर त्रास होऊ शकतो. कडेचं पाणी चहासारखं तपकिरी दिसतं.

हे सगळीकडे सारखं येत नाही. पूर्वेला तोंड असलेले किनारे, म्हणजे तुलुम, अकुमाल, प्लाया देल कार्मेन, पुएर्तो मोरेलोस आणि कॅनकूनचा उभा दांडा, यांना जास्त झळ बसते. इस्ला मुहेरेसचा प्लाया नोर्ते, कोझुमेल बेटाची पश्चिम बाजू आणि कॅनकूनचा उत्तरेकडचा आडवा दांडा बऱ्यापैकी वाचतात. 'बऱ्यापैकी' हा शब्द मुद्दाम वापरतेय, वारा फिरला तर तिथेही थोडं येतं.

पायवाट

पण रिसॉर्टवाले रोज साफ करतात ना? आम्ही गेलो तेव्हा पहाटेच ट्रॅक्टर आणि माणसं कामाला लागलेली असायची. समुद्रात तरंगते अडथळेही लावले होते.

निळाई

करतात, आणि ते काम करणाऱ्या माणसांचं खरंच कौतुक आहे, उन्हात खराट्या-फावड्यांनी टनावारी शेवाळ उचलतात. मेक्सिकोचं नौदलही बोटींनी खोल पाण्यात गोळा करतं. पण जोराचा लोंढा असेल तर सकाळी साफ केलेला किनारा दुपारपर्यंत पुन्हा भरतो. तुमच्यासारखी पूल हीच मुख्य मजा असेल तर फरक पडणार नाही. मोरपीस यांनी मात्र समुद्र पहिल्यांदा बघायचाय असं लिहिलंय, म्हणून सांगितलं.

जायच्या आधी दोन गोष्टी करता येतात. युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडा उपग्रहाच्या चित्रांवरून दर महिन्याला पट्ट्याचा अहवाल काढते. त्यावरून हे वर्ष कसं जाणार याचा अंदाज येतो. आणि हॉटेलच्या अभिप्रायांमध्ये प्रवाशांनी टाकलेले फोटो तारखेप्रमाणे लावून मागच्या दोन वर्षांतले जूनचेच फोटो बघा. जानेवारीतल्या फोटोंवरून जूनचा किनारा ठरवायचा नाही.

टेक्सासकर

व्हिसाचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. आई-वडिलांचा व्हिजिटर व्हिसा चालेल, पण तो बरोबर असलेल्या पासपोर्टवरच हवा आणि पुन्हा प्रवेशाची मुभा असलेला हवा. जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट न्या. ग्रीनकार्डवाल्यांनाही चालतं. गोंधळ होतो तो एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) वाल्यांचा: स्टेटस वाढलेलं असतं पण पासपोर्टवरचा स्टँप संपलेला असतो. मेक्सिकोत शिरायला वैध स्टँप बघतात, नुसत्या मंजुरीच्या कागदावर विमान कंपनी चेक-इनलाच अडवते. तिकिटं काढण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून तारीख वाचा.

वेळेचं सोपं आहे. किंताना रू हे कॅनकूनचं राज्य २०१५ पासून वर्षभर एकाच वेळेवर चालतं. उन्हाळ्यात ह्यूस्टन आणि कॅनकूनचं घड्याळ एकच, हिवाळ्यात कॅनकून तासभर पुढे.

मोरपीस

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, आभार! व्हिसे तपासले, सगळे ठीक आहेत. सरगॅसमबद्दल आजच कळलं, एकाही हॉटेलच्या पानावर हा शब्द नव्हता.

आता माझ्या यादीत तीन उरलीत. नावं न लिहिता सांगते.

पहिलं कॅनकूनच्या किमी १२ जवळ, उंच इमारत, 'ओशन व्ह्यू' खोली, ऑल इन्क्लुझिव्ह. दुसरं किमी ७ च्या आसपास, जुनं, लहान, खोल्या साध्या, फक्त न्याहारीसकट. तिसरं रिव्हिएरा मायातलं, खूप मोठं, दहा उपाहारगृहं, किनाऱ्याला 'नैसर्गिक कोव्ह' असं लिहिलंय. पैशांत पहिलं आणि तिसरं जवळजवळ सारखी, दुसरं बरंच स्वस्त.

दर्यावर्दी

एकेक घेऊ.

तिसऱ्यात 'कोव्ह' म्हटलंय तिथे थांबा. रिव्हिएरा माया म्हणजे कॅनकूनच्या दक्षिणेकडचा किनारा, तो बराचसा खडकाळ आहे, चुनखडीचे धारदार खडक थेट पाण्यात उतरतात. अशा ठिकाणी रिसॉर्ट खडक फोडून किंवा बांध घालून छोटं आवार तयार करतं आणि वाळू आणून टाकतं. आत पाणी शांत असतं, मुलांना ते चालतंही, पण शेवाळ आलं की तिथेच अडकून सडतं. साबुंना पहाटे सलग चालायला किनारा मिळणार नाही, खडक लागला की परत फिरा. उपग्रहाच्या नकाशात हॉटेल शोधून जवळ जा. पाण्याच्या कडेला काळपट-करडी रेघ दिसली तर खडक. पांढरा पट्टा डावी-उजवीकडे सलग गेला असेल तर वाळू. पाण्यातले गडद ठिपके म्हणजे समुद्रगवत किंवा प्रवाळ. एवढ्या मोठ्या रिसॉर्टमध्ये खोली ते समुद्र हे अंतरही मोजा. काही ठिकाणी बॅटरीवरच्या गाडीची वाट बघावी लागते, आणि साबांना दिवसातून तीन-चार वेळा ते करावं लागेल.

पहिलं किमी १२ ला, म्हणजे उभ्या दांड्यावर. तिथली बहुतेक हॉटेलं वाळूच्या टेकाडावर उभी आहेत, लॉबी वर आणि किनारा खाली. पूलपासून वाळूपर्यंत किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का, उतार आहे का, हे हॉटेलला ईमेल करून लेखी विचारा. साबांसाठी हा प्रश्न खोलीच्या आकारापेक्षा मोठा आहे. आणखी एक, पूर्वेकडच्या उंच इमारतींची सावली दुपार कलली की किनाऱ्यावर पडते. जूनच्या उन्हात ते सुखाचंच. डिसेंबरात तीच सावली लवकर येते आणि पोहून आल्यावर थंडी वाजते.

या बाजूची वाळू कायमची नाही, हेही ध्यानात असू द्या. ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा चक्रीवादळ या किनाऱ्यावर जवळजवळ ठाण मांडून बसलं आणि पुळणच्या पुळण धुऊन नेली. नंतर समुद्रतळातून वाळू उपसून किनारा पुन्हा भरावा लागला, काही वर्षांनी परत एकदा. त्यामुळे चार वर्षांपूर्वीच्या फोटोतला रुंद किनारा आज तसाच असेल असं समजू नका.

'ओशन व्ह्यू' आणि 'ओशन फ्रंट' यांतही फरक असतो. ओशन फ्रंट म्हणजे बाल्कनी सरळ समुद्रासमोर. ओशन व्ह्यू म्हणजे कुठल्या तरी कोनातून समुद्र दिसतो. 'पार्शल' असेल तर मान वळवून. लगून व्ह्यू म्हणजे सरोवर आणि रस्ता. दिवसभर वाळूत असणार असाल तर दृश्यासाठी जास्त पैसे घालवू नका. साबा मात्र बराच वेळ खोलीत बसणार असतील तर त्यांच्या खोलीपुरता ओशन फ्रंट घ्या. बाल्कनीतून नात पाण्यात खेळताना दिसेल.

माझं मत दुसऱ्याला. खोल्या साध्या असल्या तरी किनारा तुमच्या घरासाठीच आहे असं वाटतं.

शेवंती

दुसऱ्याला माझंही मत. आम्ही आईला घेऊन त्याच बाजूला राहिलो होतो. आईला पोहता येत नाही, ती गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून तासन्‌तास गप्पा मारायची. शेजारी कॅनडाच्या आज्या. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती, पण रोज अकराला सगळ्या हजर.

उत्तरेच्या किनाऱ्याची एक उणीव सांगते. वाळूचा पट्टा पूर्वेइतका रुंद आणि सलग नाही, मधेमधे धक्के आणि बांध येतात. साबुंचं तासभर चालणं तिथे पूर्ण व्हायचं नाही. रस्त्याकडेने चालायला चांगली वाट आहे, सकाळी बरेच जण चालतात-पळतात. एखाद्या दिवशी आर-१ किंवा आर-२ बस पकडून त्यांना पहाटे प्लाया देल्फिनेसला न्या. तिथे समोर हॉटेलांची भिंत नाही, मोकळा लांबलचक किनारा आहे. रस्त्यापलीकडे एल रेय नावाचे माया लोकांचे छोटे अवशेष आहेत आणि दगडांवर हातभर लांबीचे इग्वाना ऊन खात पडलेले असतात. नातीला इग्वाना, आजोबांना अवशेष.

शेजारच्या हॉटेलसमोरून जाताना बिचकू नका. मेक्सिकोत किनारे सार्वजनिक आहेत. पाण्याच्या कडेची २० मीटरची पट्टी संघराज्याच्या मालकीची असते आणि २०२० पासून वाट अडवणाऱ्यांना दंडाची तरतूद आहे. खुर्च्या-छत्र्या त्यांच्या, वाळू सगळ्यांची.

पायवाट

वाचून माझं मत थोडं बदललं, पण ऑल इन्क्लुझिव्हबद्दल ठाम आहे. शाकाहारी माणूस बरोबर असताना रोज बाहेर कुठे शोधत फिरणार?

निळाई

उलट शाकाहारी माणसासाठीच मी बाहेरचा पर्याय मोकळा ठेवेन. ऑल इन्क्लुझिव्हच्या बुफेत साबांना सॅलड, फळं, पास्ता, बटाटे मिळतील. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. बाहेर मक्याच्या ताज्या तोर्तिया मिळतात, तव्यावरून थेट ताटात, आपल्या भाकरीच्या जवळच्या. त्यात काळ्या घेवड्याची उसळ, चीज, भाजलेली ढोबळी मिरची, नोपाल म्हणजे निवडुंगाची कोवळी पानं, मक्यावरची काळी बुरशी ज्याला वित्लाकोचे म्हणतात, वर हाबानेरो मिरचीचा ठेचा. हाबानेरो थेंबभरच घ्या, आपल्या लवंगीपेक्षा कितीतरी जहाल असते.

पण साबांसाठी सावध: घेवडा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, तिला मान्तेका म्हणतात. आणि लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर नुसते मांसाचे तुकडे काढून देतील. म्हणून चार वाक्यं कागदावर लिहून ठेवा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस, कोंबडी, मासे नकोत. 'सिन मान्तेका', चरबी नको. 'सिन काल्दो दे पोयो', कोंबडीचं पाणी नको. अंड्यासाठी 'सिन वेवो'. लोक प्रेमाने ऐकतात, स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतात. ही वाक्यं ऑल इन्क्लुझिव्हमध्येही म्हणायचीच आहेत.

नळाचं पाणी प्यायचं नाही, खोलीतलं बाटलीचं प्या. दात घासायलाही मी तेच वापरते.

मोरपीस

हे कागदावर नाही, साबांच्या फोनवर मोठ्या अक्षरात ठेवते. :)

दुसऱ्या हॉटेलला पायऱ्यांबद्दल आणि जूनच्या शेवाळाबद्दल विचारलं होतं. उत्तर आलं: पूलपासून वाळूपर्यंत चार पायऱ्या, एका बाजूला उतार, आणि शेवाळ 'काही दिवस थोडं' येतं. थोडं येतं असं त्यांनी स्पष्ट लिहिलं याचंच बरं वाटलं.

साबु विचारतायत, वादळाचं काय? आणि विमानतळावरून कसं जायचं?

टेक्सासकर

वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. जास्त जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर, पण जूनअखेर-जुलै अगदी निर्धोक नाही. बेरिल २०२४ मध्ये ५ जुलैलाच तुलुमजवळ धडकलं होतं. घाबरायचं नाही, तयारी करायची. पूर्ण परतावा मिळणारं बुकिंग घ्या, आणि प्रवासविमा तिकिटं काढल्याबरोबर घ्या. वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळासाठी बहुधा लागू होत नाही. दोन प्रवाशांचं वय बघता वैद्यकीय खर्च त्यात धरलेला असू द्या, अमेरिकेतला व्हिजिटर विमा मेक्सिकोत चालतो का तेही वाचून घ्या.

विमानतळावर कस्टम्समधून बाहेर आलात की एक दालन लागतं. गणवेशासारखे शर्ट घातलेली माणसं 'तुमची टॅक्सी इकडे', 'तुमच्या हॉटेलकडून' म्हणत थांबवतात. बहुतेक टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधला दरवर्षी काही दिवसांचा वाटा, विकणारी असतात. न थांबता सरळ इमारतीबाहेर या, आधी ठरवलेला गाडीवाला पाटी घेऊन बाहेर उभा असतो. म्हातारी माणसं आणि मूल बरोबर असताना गाडी आधीच ठरवा, चाइल्ड सीट मागून घ्या. एकट्यादुकट्याला एडीओ या कंपनीची बस स्वस्त आणि चांगली. हॉटेलात पोचल्यावर 'स्वागताची मोफत न्याहारी' देऊ केली तर तीही बहुधा टाइमशेअरचीच.

खोलीच्या भाड्याशिवाय रोजचा पर्यावरण कर हॉटेलात भरावा लागतो, आणि परदेशी पर्यटकांसाठी राज्याचा व्हिसिटॅक्स हा वेगळा कर २०२१ पासून आहे. तो सरकारी संकेतस्थळावरच भरा. कार्ड मशीनवर डॉलर की पेसो विचारलं तर पेसो.

मालवणकन्या

एक दिवस इस्ला मुहेरेसला नक्की जा. पुएर्तो हुआरेसहून फेरी वीसेक मिनिटांत पोचते, आणि हॉटेल झोनमधल्या धक्क्यांवरूनही फेऱ्या सुटतात. प्लाया नोर्ते फेरीच्या धक्क्यापासून चालत जाण्यासारखा. पाणी इतकं उथळ की कितीतरी आत गेलं तरी कंबरेच्या वर येत नाही. बेटावर फिरायला गोल्फ कार्ट मिळतात, साबांना चालावं लागणार नाही.

रात्री किनाऱ्यावर फिरताना फोनचा दिवा लावू नका. मे ते ऑक्टोबर समुद्री कासविणी अंडी घालायला वर येतात, उजेडाने बिचकून परत जातात. आपल्या वेळासला कासव महोत्सवात पिल्लं समुद्रात जाताना पाहिली असतील तर लेकीला आधी ती गोष्ट सांगा. इथे हॉटेलंच अंड्यांभोवती कुंपण घालून राखण करतात, पहाटे फेरफटक्याला गेलेल्या साबुंना कासवाच्या फरपटीच्या खुणा दिसू शकतात.

सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घ्या. हे सगळं पाणी मेसोअमेरिकन प्रवाळरांगेला लागून आहे, जगातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी. क्रीममधली रसायनं प्रवाळाला सोसत नाहीत.

मोरपीस

बुकिंग केलं! दुसरंच. परतावा मिळणारं, दोन खोल्या शेजारी-शेजारी, साबांच्या खोलीपुरता ओशन फ्रंट. वाचलेल्या पैशांत एक दिवस इस्ला मुहेरेस आणि एक दिवस आठवड्याच्या मध्यात जवळच्याच एखाद्या रिसॉर्टचा दिवसाचा पास, म्हणजे लेकीला घसरगुंड्याही मिळतील. पायवाट, ही कल्पना तुमच्यामुळे सुचली.

पायवाट

वा, छान जमलं! पास आधी फोन करून ठरवा, गर्दी असली की देत नाहीत.

आंबोळी

उशिरा आलेय, पण माझाही प्रश्न इथेच विचारते. आम्ही न्यू जर्सीहून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जातोय, दोघंच. म्हणजे आम्हीही उत्तरेकडचाच किनारा घ्यायचा का?

दर्यावर्दी

नाही, तुमचं गणित वेगळं आहे. डिसेंबर-जानेवारीत सरगॅसम बहुधा नसतं, त्यामुळे पूर्वेचे किनारे स्वच्छ असतात. उलट त्या दिवसांत उत्तरेकडून थंड वाऱ्याच्या लाटा येतात, तिथे त्यांना 'नोर्ते' म्हणतात. आल्या की दोन-तीन दिवस ढग, वारा, आणि एरवी शांत असलेला उत्तरेकडचा किनाराच खवळतो, प्लाया नोर्तेसुद्धा. बंदर बंद करतात, इस्ला मुहेरेस आणि कोझुमेलच्या फेऱ्या थांबतात. त्यामुळे विमान पकडायच्या आदल्या दिवशी बेटावर मुक्काम ठेवू नका.

दोघंच असाल, लाटा आवडत असतील, तर किमी १२ ते २० मधलं पूर्वेकडचं हॉटेल किंवा प्लाया देल कार्मेन घ्या. प्लायाला संध्याकाळी किंता आवेनिदा या रस्त्यावर पायी भटकता येतं, आणि तिथून कोझुमेलची फेरी पाऊण तासाची. पाणी हिवाळ्यातही पोहण्याजोगं असतं, संध्याकाळी मात्र पातळ जाकीट लागेल. किमी ९ च्या आसपास रात्रीचे क्लब आहेत, शांत झोप हवी असेल तर तिथून दूर राहा. नाताळ ते नववर्ष बरीच हॉटेलं किमान रात्रींची अट घालतात आणि परतावा देत नाहीत, तेव्हा ती ओळ वाचल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका.

आंबोळी

कळलं. किमी १५ च्या आसपासची दोन बघून ठेवली होती, त्यांचे डिसेंबरचे फोटो काढून बघते.